पहिल्या घाण्याचं मीठ

दुपारची झोप ही झोप नव्हेच, नुसतं डोळे मिटून पडणं आहे, असं नाना उपळेकर आयुष्यभर सांगत आले आहेत आणि ते सांगता सांगताच बहुतेक वेळा घोरू लागले आहेत. आज मात्र ते खरोखरच नुसते पडले आहेत. ऑक्टोबरचं ऊन गच्चीच्या सिमेंटमधून झिरपत मधल्या खोलीत उतरतंय. पंखा प्रत्येक फेरीला एकदा टक् करतो. कऱ्हाड एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झाल्यामुळे वेळेवर होणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल नानांना आदर आहे. ते तो टक् मोजत नाहीत, पण त्याची वाट पाहतात.

उद्या वसुबारस. मंजिरी, त्यांची मुलगी, दिवाळीसाठी ठाण्याहून आली आहे आणि आत्ता पणत्या आणायला बाजारात गेली आहे. घरात बाकी कुणी नाही. नानांच्या पत्नी प्रमिलाबाई आषाढात गेल्या.

माणूस गेलेल्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही. त्या घरची पहिली दिवाळी शेजारपाजारच्यांनी साजरी करायची, म्हणजे फराळ त्यांनी आणून द्यायचा. ही रीत कॉलनीत इतक्या निष्ठेनं पाळली जाते, की नानांच्या जेवणाच्या टेबलावर आता जेवायला जागा नाही. चिवड्याचेच डबे इतके आहेत, की एखाद्या मंगल कार्यालयानं दुःखात सहभागी व्हायचं ठरवलं असावं असं वाटतं. प्रत्येक डब्याबरोबर एक बाई येते, आणि ती खाऊन दाखवल्याशिवाय जात नाही. ‘कसं झालंय, नाना?’

नाना म्हणतात, छान.

खरी गोष्ट अशी, की नानांना चव लागत नाही. कशाचीच. प्रमिलाबाईंच्या चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं. बुंदीचा लाडू तोंडात घातला आणि नानांना वाटलं, आचाऱ्यानं साखरेत काटकसर केली. दुसऱ्या दिवशी चहात कुणीतरी काटकसर केली. मग लोणच्यात केली, मग हिरव्या मिरचीच्या ठेच्यात. सगळं गावच एकदम काटकसरीला लागलं म्हटल्यावर त्यांना आपल्या जिभेचा संशय आला. तेव्हापासून ते खातात, चावतात, गिळतात आणि वाढणारीच्या तोंडाकडे बघून अभिप्राय देतात. बाई ओशाळलेली दिसली की म्हणायचं, ‘मला असंच आवडतं.’ ताठ बसली असेल तर म्हणायचं, ‘पुन्हा घेऊ का?’ परवा शिरगावकर काकूंनी ताटलीतून आणलेल्या शेवेत मीठच नव्हतं. नानांनी दोन मुठी खाऊन ‘अगदी बेताचं’ अशी पावती दिली. काकूंना घरी गेल्यावर कळलं, त्या डोळ्यांत पाणी आणून परत आल्या आणि म्हणाल्या, ‘किती सांभाळून घेता हो तुम्ही माणसाला.’ कॉलनीत नानांचा सज्जन म्हणून लौकिक वाढला. जीभ मेल्यापासून त्यांचा सगळीकडे फायदाच होतोय.

फक्त एक डबा ते उघडत नाहीत. तो टेबलावर नाही. फ्रीजच्या वरच्या खणात, बर्फाच्या ट्रेखाली आहे. निळ्या झाकणाचा. मागच्या दिवाळीला प्रमिलाबाईंनी चकल्यांसाठी भाजणी केली होती, धान्यं स्वतः भाजली होती, गिरणीत उभं राहून दळून आणली होती, आणि उरलेली या डब्यात भरून ठेवली होती. त्यांच्या हातचं आता जगात एवढंच आहे. नानांचा सगळा हिशेब या डब्यावर आहे. बाकी कशाची चव लागली नाही तर ठीक आहे, बाकीचं इतरांनी केलेलं आहे. पण हेही खाल्लं आणि याचीही लागली नाही, तर मग पुढं पाहायला काही उरत नाही. म्हणून डबा बंद. बंद डब्यात चव असते.

सकाळी मंजिरीच्या हाताला तो लागला. तिनं झाकणावरचा बर्फ खरवडला आणि म्हणाली की आता ही टिकायची नाही, चकल्या करता येणार नाहीत हे खरं, पण थालीपीठं तव्यावर होतात आणि तव्याला काही सुतक नसतं, तेव्हा संध्याकाळी लावते. नाना म्हणाले, ‘बघू.’ बिघडलेल्या गाडीबद्दल प्रवाशांनी विचारलं की ते स्टँडावर हाच शब्द वापरत.

टक्.

नाना कूस बदलतात. पुढचा टक् यायला हवा होता, तो येत नाही. त्याच्या जागी दुसराच आवाज येतो. आधी बारीक, मग भरून, मग पुन्हा बारीक होत जाणारा. तेलात काहीतरी पडल्याचा. नाना तो आवाज ओळखतात, आणि त्यांना पहिल्यांदा येतो तो राग. कॉलनीत काय सांगायचं? वर्ष झालं नाही आणि ही कार्टी तळण काढून बसली.

ते उठतात. उठताना कॉटचा आवाज होत नाही, चपलाही सापडत नाहीत. स्वयंपाकघराचा ओटा काढून टाकलेला आहे. तिथं त्यांच्या जुन्या, शनिवार पेठेतल्या भाड्याच्या खोलीतली शहाबादी फरशी आहे, फरशीवर स्टोव्ह आहे, स्टोव्हवर कढई आहे, आणि पाटावर प्रमिलाबाई बसल्या आहेत. अंगावर तळणाची साडी. तळणाची साडी म्हणजे एकेकाळी हिरवी असलेली, तेलाचे डाग पडून पडून आता कुठल्याच रंगाची न राहिलेली. दरवर्षी दिवाळीपुरती माळ्यावरून निघायची. मंजिरीनं आईच्या साड्या नातेवाइकांत वाटल्या, तेव्हा ही कुणी मागितली नाही.

प्रमिलाबाई पदर खोचायला जातात आणि पदर हाताला लागत नाही. त्या फाटलेली कड उलटसुलट करून बघतात.

“हा कुणी फाडला?”

“मंजिरीनं,” नाना म्हणतात. “पंखे पुसायला.”

“पुसले?”

“मधल्या खोलीतला राहिलाय. तो टक् करतो.”

“तो तुम्ही तेल घालतो म्हणाला होतात.” एवढं बोलून त्या सोऱ्या दाबतात. पितळी सोऱ्या कुरकुरतो, कागदावर चकली गोल गोल उतरते आणि शेवटचं टोक त्या अंगठ्यानं चिकटवतात, जसं पत्राचं पाकीट बंद करावं.

नाना सांगतात की हे बरोबर नाही, वर्षाच्या आत या घरात तळण चालत नाही, लोक काय म्हणतील. प्रमिलाबाई विचारतात, कुणाचं वर्ष? नाना म्हणतात, तुझं. मग त्या हसतात, फार नाही, नेहमीएवढंच.

“मग मला कसलं आलंय? सुतक तुम्हाला.”

प्रमिलाबाईंच्या हयातीतही वाद इथंच संपत असे. ते फरशीवर मांडी घालून बसतात. मांडी सहज घातली जाते, गुडघा दुखत नाही. त्यावरून खरं तर त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

विचारायचं खूप असतं. आषाढापासून ते रोज मनात नोंदवून ठेवत आलेत. पण विचारतात ते भलतंच.

“तिकडं खायला काय असतं?”

“काही नसतं.” प्रमिलाबाई चकली तेलात सोडतात. “तुम्ही इकडं काय खाता?”

“सगळं. येईल ते.”

“मग बरोबरीचंच झालं.”

तेलाचा आवाज वाढतो. इतका, की तो लाउडस्पीकरची खरखर होतो, आणि नाना नियंत्रण कक्षात बसले आहेत. पुढं माइक, वर हिरव्या आकड्यांचं घड्याळ, समोर काच. काचेपलीकडं स्टँड गच्च भरलंय. सगळ्या बाकांवर कॉलनीतल्या बायका बसल्या आहेत, प्रत्येकीच्या मांडीवर क्रोशाच्या रुमालाखाली ताटली आहे आणि सगळ्याजणी काचेकडे बघताहेत. कसं झालंय, नाना? नाना बटण दाबून जाहीर करतात की छान झालंय, पाटण मार्गे छान झालंय, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. बायका समाधानानं माना हलवतात आणि कुणीच उठत नाही.

सगळ्यात शेवटच्या बाकावर प्रमिलाबाई आहेत. त्यांच्या मांडीवर ताटली नाही, कढई आहे. त्या काहीतरी बोलताहेत. ओठ हलताना दिसतात, काचेतून ऐकू येत नाही. नाना कान लावतात. दवाखान्यातही शेवटच्या आठवड्यात असंच होतं. नाकात नळी, नळीतून दूध, आणि मधेच ओठ हलायचे. नाना कान ओठांपाशी नेत. एकदाच शब्द कळले होते. ‘तोंडाला चव नाही हो.’ नाना म्हणाले होते, येईल. बघू.

ते काचेला हात लावतात, आणि काच नसतेच. त्यांचा हात सरळ पुढं जातो. त्या हातावर एक चकली येते.

पुन्हा शनिवार पेठेतली फरशी. स्टोव्ह निळा जळतोय.

“मीठ बघा,” प्रमिलाबाई म्हणतात.

दर दिवाळीला हे असंच होत असे. पहिल्या घाण्यातली एक चकली देवापुढं जायची आणि दुसरी नानांपुढं. देव मिठाबद्दल बोलत नाही, निदान तुम्ही तरी बोलाल, असं प्रमिलाबाईंचं म्हणणं. तळणारीनं चाखायचं नाही, हा त्यांच्या सासूबाईंपासूनचा नियम. म्हणून घरातल्या सगळ्या फराळाचं मीठ नानांच्या जिभेवर ठरायचं. त्या पदाचा नानांना नियंत्रकपदापेक्षाही अभिमान होता. गाड्या त्यांनी न सांगताही उशिरा सुटत. चकल्या मात्र त्यांनी मान हलवल्याशिवाय पुढं सरकत नसत.

नाना चकली तोंडात घालतात. ती दाताखाली मोडते. आवाज अगदी पाहिजे तसा येतो. काटे जिभेला टोचतात. तीळ दाढेत अडकतो. सगळं जागच्या जागी आहे, फक्त मधे काही नाही. रिकाम्या घरात दिवे लागलेले असावेत तसं.

ते चावत राहतात. प्रमिलाबाई झारा हातात धरून थांबल्या आहेत. तोंडाकडे बघून अभिप्राय द्यायची युक्ती नानांना ठाऊक आहे, म्हणून ते बघतात. पण त्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नाही. ओशाळलेपण नाही, ताठा नाही. गेलेल्या माणसाला कौतुक नको असतं, त्यामुळं फार पंचाईत होते.

“बरोबर आहे,” नाना म्हणतात.

प्रमिलाबाई झारा खाली ठेवतात. तेलाचा आवाज थांबतो. तेल तापलेलंच आहे, चकल्या त्यात हलताहेत, पण आवाज नाही.

“मी घातलंच नव्हतं,” त्या म्हणतात.

नाना खाली बघतात. फरशीच्या फटीत जुन्या दिवाळीचं पीठ अडकलेलं आहे. ते नखानं उकरू लागतात.

कधीपासून, असं त्या विचारतात. नाना सांगतात, गोडाच्या जेवणापासून. मग कुणालाच कसं सांगितलं नाही? नाना म्हणतात की विचारलं असतं तर सांगितलं असतं. मग त्या इतक्या बायका येतात, रोज विचारतात, त्या? नाना म्हणतात की त्या कसं झालंय म्हणून विचारतात, त्याला एकच उत्तर असतं. मीठ बघा, असं कुणी म्हणत नाही.

“आणि माझा डबा? तो का उघडला नाहीत?”

हाच प्रश्न येऊ नये, असं नानांना वाटत होतं. ते नखातलं पीठ बघतात.

“त्याचीही लागली नाही तर?”

प्रमिलाबाई विचार करतात. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. तिकडं गेल्यावरही लागलेली दिसत नाही.

“तर नाही लागली.”

स्टोव्ह विझतो. कुणी विझवलेला नाही. नाना वाट बघतात, की ती पुढं काही म्हणेल. लागेल हो, म्हणेल. बघू, तरी म्हणेल. त्या परात पुढं ओढतात. परातीत निळ्या झाकणाच्या डब्यातली सगळी भाजणी ओतलेली आहे, तळाला डबा उपडा करून ठोकल्याच्या खुणा आहेत.

“पीठ आहे ते,” प्रमिलाबाई हळू म्हणतात. “जुनं झालं की त्याला किडे होतात. ते काही माझी आठवण म्हणून थांबत नाहीत.”

मग त्या आधण ओततात. वाफ वर येते आणि मधल्या मधे त्यांचा चेहरा नाहीसा होऊन पुन्हा येतो. मळा, म्हणतात. नाना म्हणतात, मला येत नाही. त्या म्हणतात, भाजेल थोडं, भाजू दे. नाना हात घालतात. भाजतं. पीठ बोटांना धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. त्यांच्या हातावर प्रमिलाबाईंचा हात येतो, दाब कुठं द्यायचा ते दाखवायला. त्या हाताला वजन नाही. दाब मात्र आहे. असं कसं, हे नानांना कळत नाही, आणि हात काढला जाईल या भीतीनं ते विचारत नाहीत. पीठ केव्हाच मळून झालेलं आहे. ते मळतच राहतात.

“पुरे,” त्या म्हणतात.

फलाटावर गाडी लागलेली आहे. लाल, जुनी, खिडक्यांच्या काचा खुळखुळणारी. प्रमिलाबाई पायरीवर उभ्या आहेत, हातात पिशवी नाही. कुठंही निघाल्या की त्यांच्या हातात पिशवी असायचीच, म्हणून ते रिकामे हात नानांना बघवत नाहीत.

“ही कुठं जाते हो?”

नाना पाटी बघतात. पाटी कोरी आहे. कुठल्या गावाला कुठली गाडी, कुठं चहाला थांबते, कुठल्या घाटात तापते, हे ज्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, ते नाना उपळेकर पाटीकडे बघत उभे राहतात.

“माहीत नाही.”

“पहिल्यांदा म्हणालात,” प्रमिलाबाई म्हणतात, आणि का कोण जाणे, त्यांना बरं वाटल्यासारखं दिसतं. “असंच म्हणावं. माहीत नसलं की.”

नाना म्हणतात, मीही येतो. ते पायरीवर पाय ठेवतात. गाडीत सगळ्या जागा रिकाम्या आहेत, आरक्षणाचा प्रश्नच नाही. प्रमिलाबाई त्यांच्या हातांकडे बघतात. हात पिठानं भरलेले आहेत.

“आणि ते पीठ उघडं टाकून? झाका आधी. वाळेल.”

हे मात्र खरं आहे. मळलेलं पीठ उघडं राहिलं की वरून कोरडं पडतं, चकलीला चिरा जातात. नाना मागं वळतात. फलाटावर ताटली शोधतात. बाकांखाली बघतात, चौकशीच्या खिडकीत बघतात. कॉलनीतल्या बायकांपैकी एकीच्या मांडीवरची ताटली ते उचलून घेतात, परातीवर झाकतात, चारी बाजूंनी नीट बसली का ते दाबून पाहतात. बसली. मागं डबल बेल वाजते.

टक्.

टक्.

पंखा फिरतोय. नाना कॉटवर आहेत, गुडघा दुखतोय. खिडकीतलं ऊन भिंतीवरून कपाटावर गेलं आहे. डोळे उघडे ठेवून ते थोडा वेळ तसेच पडतात, कारण मिटले तर फलाट पुन्हा दिसेल, पण गाडी दिसणार नाही, हे त्यांना कळतं.

मग चेहऱ्यावरून हात फिरवायला जातात आणि हात चेहऱ्याला चिकटतो.

बोटांच्या बेचक्यांत पीठ आहे. वाळत आलेलं, तेलकट, तिळाचा एक दाणा अंगठीपाशी. तळवा लाल झाला आहे.

स्वयंपाकघरात ओटा आपल्या जागी आहे. ओट्यावर निळ्या झाकणाचा डबा उपडा, आत धूळसुद्धा उरलेली नाही. गॅस बंद, पातेलं कोमट. शेजारी परात, तिच्यावर शिरगावकर काकूंची ताटली, चारी बाजूंनी नीट बसलेली. नाना ताटली उचलतात. पिठाचा गोळा आहे. घट्ट, गुळगुळीत, आणि वरच्या बाजूला चार बोटं दाबल्याचा वळ. नाना त्या वळात आपली बोटं ठेवून बघतात. त्यांची बोटं जाड आहेत. बसत नाहीत.

मग कडेचं चिमूटभर पीठ तोडून जिभेवर ठेवतात.

काही नाही.

पुन्हा एकदा ठेवतात, जरा मोठं. डोळे मिटून. हरभऱ्याची डाळ तिनं कुठवर भाजली होती, धणे किती घातले होते, ते सगळं यात आहे. ते जिभेवर लोळतं, मऊ होतं आणि खाली जातं. नाना गिळतात, आणि डब्यातलं जे संपायचं राहिलं होतं ते संपतं.

फाटक वाजतं. मंजिरी येते, पणत्यांची पिशवी खुर्चीवर ठेवते, ऊन किती आहे ते सांगते, पणत्या किती महाग झाल्या ते सांगू लागते आणि परातीपाशी थांबते. रिकामा डबा बघते, नानांचे हात बघते.

“तुम्ही मळलंत, नाना?”

नाना मान हलवतात. हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. चांगलं झालं, मंजिरी म्हणते, वेळ वाचला, कांदा घालून लगेच लावते. नळाखाली हात धुते. पदर नाही, तरी खोचल्यासारखं करते. तवा ठेवते. आणि गॅस पेटवता पेटवता, मागं न बघता, विचारते.

“मीठ घातलंय?”

नानांच्या तोंडात उत्तर तयार आहे. बरोबर आहे. इतके दिवस ते तिथंच बसून आहे, नुसतं सोडायचं. ते तोंड उघडतात.

“माहीत नाही.”

मंजिरी वळते.

“मला कळत नाही गं,” नाना म्हणतात. “आई गेल्यापासून. काहीच कळत नाही.”

टेबलावर सगळे डबे ओळीनं आहेत. चिवडे, शेव, लाडू. मंजिरी त्यांच्याकडे बघते, मग नानांकडे. तवा तापून धूर निघू लागतो, ती गॅस बारीक करते. मग परातीतलं चिमूटभर पीठ घेते, वळाच्या कडेचं, वळ मोडणार नाही असं, आणि जिभेवर ठेवते.

ते जिभेवर घोळवते. मग हात लांब करून मिठाचा डबा पुढं ओढते.